पडद्याआडची नाडी

एकदा एका गावी एक वैद्य होते, आणि ते दुपारी दार लावून झोपत असत. गोष्ट खरं तर त्यांच्या विद्येची आहे. पण लोकांच्या लक्षात त्यांची झोपच राहिली, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करतो.

गाव नदीच्या वळणावर होतं. थंडीच्या दिवसांत तिथे असं धुकं उतरे की माध्यान्हीपर्यंत पलीकडचा तीर दिसत नसे आणि माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखत. त्या धुक्यातूनच रोगी येत आणि वैद्यांच्या ओसरीवर टेकत. वैद्य वृद्ध होते, सारा गाव त्यांना नाना म्हणे. सूर्योदयाला ते गादीवर बसत, समोरच्याचं मनगट हातात घेत, डोळे मिटत आणि नाडी पाहत. घाई नाही, बडबड नाही. ऊन परसातल्या विहिरीच्या काठावर आलं की मात्र उठत. मग ओसरीवर दहा माणसं असोत की पन्नास, नाना हात जोडून म्हणत, "आता उद्या. फारच अडलं असेल त्यानं पुढं यावं." खरोखरच अडलेले एकदोघे पुढे येत, त्यांना ते पाहत. बाकीचे परत जात. त्यानंतर स्नान, पोटभर जेवण आणि झोप. त्यांचं घोरणं रस्त्यावर ऐकू येई. संध्याकाळी नावाड्याबरोबर सोंगट्यांचा डाव पडे, आणि हरले की नाना खरोखर रागावत.

लोक कुरकुरत. "वैद्य कसला, संस्थानिक आहे," असंही कोणी म्हणे. त्यात नाना मुरगळलेला पाय पाहतच नसत, तो हाडवैद्याकडे. बाळंतपण सुइणीकडे. बोटात काटा रुतवून कोणी आलं तर "घरात सुई नाही का रे?" म्हणून त्याला वाटेला लावत. पण त्यांच्या हातचे रोगी बरे होत, म्हणून लोक कुरकुरत का होईना, पुन्हा येत.

नानांपाशी त्र्यंबक नावाचा एक शिष्य बारा वर्षं शिकला. बुद्धी तल्लख, हात हलका, आणि मन लोण्याहून मऊ. गुरूंविषयी त्याला अपार आदर होता, फक्त त्या घोरण्याची लाज वाटे. बाहेर माणूस कण्हत असावा आणि आत वैद्यानं घोरावं, हे त्याला सोसत नसे. एकदा धीर करून तो म्हणाला, "नाना, परत गेलेल्यांतला एखादा वाटेत दगावला तर?" नाना त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग काही न बोलता आत गेले आणि नेहमीसारखे झोपले. त्र्यंबकाच्या मनाला ते फार लागलं.

पुढे नानांची बोटं बधिर होत चालली. एका सकाळी त्यांनी एका रोग्याचं मनगट धरलं, पुष्कळ वेळ धरलं, आणि मग हळूच सोडून दिलं. "मला काही ऐकू येत नाही," ते म्हणाले. उठले, त्र्यंबकाला दंडाला धरून गादीवर बसवलं आणि स्वतः नदीपलीकडच्या केळीच्या बागेत एका खोपटात राहायला गेले. समारंभ नाही, उपदेश नाही.

त्र्यंबकानं त्याच दिवशी मनाशी शपथ घेतली, की या दारातून एकही माणूस परत जाणार नाही.

शपथ त्यानं पाळली. मला विचाराल तर माणसाला वाईट सवयी सोडणं एकवेळ जमतं, चांगली शपथ मोडणं जमत नाही. तो पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत बसे, आणि त्यानंतर कोणी हाक मारली तरी उठे. मुरगळलेले पायही तोच पाही, काटेही तोच काढी. सुईण एकदा म्हणाली, "वैद्यबुवा, माझं काम तरी मला ठेवा." तो हसला. त्याची कीर्ती पंचक्रोशीत पसरली. "नाना विद्वान होते, पण हा देव आहे," असं लोक म्हणू लागले. देव म्हटलं की नैवेद्य दाखवायचा असतो, खायला घालायचा नसतो. तसंच काहीसं त्याचं झालं. बायको वेणू ताट वाढून आणी, तो म्हणे, "हा एकच राहिलाय." ताट निवून जाई. ती पुन्हा गरम करी, ते पुन्हा निवे.

"तुमचा हा एक गेली दोन वर्षं संपत नाहीये," वेणू म्हणाली.

"त्यांना दुखतंय गं."

"आणि तुम्हाला काय होतंय?"

"मला? मला काय धाड भरलीय?" असं म्हणून तो पुढच्या रोग्याकडे वळला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या हिवाळ्यात एक विलक्षण गोष्ट घडली. पौषातल्या एका सकाळी कुंभार पोट दुखतं म्हणून आला. त्र्यंबकानं नाडी पाहिली आणि तो चपापला. वैद्यकात पित्ताच्या नाडीला बेडकाची चाल म्हणतात. ही नाडी तशीच टणाटण उड्या मारत होती, तापलेली, अस्वस्थ. पण कुंभाराचं अंग गार होतं. पाठोपाठ गुडघे दुखणारी एक म्हातारी आली. तिची नाडीही तशीच. मग खोकल्याचा एक शेतकरी, मग तीन महिन्यांचं तान्हं. सगळ्यांच्या मनगटात तोच बेडूक. एका रोग्याला सोबत म्हणून आलेल्या गाडीवानाचा हात त्यानं सहज धरून पाहिला. त्याचीही नाडी तशीच उडत होती.

गावात साथ आली होती. त्वचा गार, डोळे स्वच्छ, जीभ निर्मळ, आणि आत मात्र आग. त्यानं पोथ्या धुंडाळल्या. असा रोग कुठेच सापडेना, तेव्हा त्यानंच त्याला नाव दिलं, गूढज्वर. एकदा नाव दिलं की रोग खराच वाटू लागतो. त्यानं घरोघर कडू काढा सुरू केला आणि लंघन सांगितलं. अन्न बंद, फक्त सुंठीचं पाणी. साथ आली म्हटल्यावर विश्रांती कुठली? घटकाभर डोळे मिटत असे, तेही त्यानं बंद केलं.

ते दिवस फार विचित्र होते. दाट धुकं, त्यात अर्ध्या चुली थंड. माणसं हळू चालत, हळू बोलत. कुत्रीसुद्धा भुंकायला कंटाळली होती. सकाळी त्र्यंबक घरोघर फिरे तेव्हा त्याला वाटे, सारा गाव पाण्याखाली गेला आहे आणि आपण तळाशी चालतो आहोत. आणि सगळीकडे तोच ठोका. दाराच्या चौकटीला हात टेकला तर चौकट धडधडे. पाण्याचा तांब्या उचलला तर तांब्याही. गावाचा ज्वर आता भिंतींत शिरला, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला त्यात काही नवल वाटलं नाही.

गावकऱ्यांतले जे लबाड होते ते काढा गुपचूप पिंपळाच्या बुंध्याशी ओतत आणि परसात बसून भाकरी खात. ते ठणठणीत राहिले. जे सरळ होते, वैद्याचा शब्द मानणारे होते, ते वाळत चालले. सगळ्यांत सरळ घर होतं एका विणकराचं. त्याची बायको सगुणा दहा दिवसांची बाळंतीण. बाळंतिणीला पेज, तूप, खीर द्यायची, तर त्र्यंबकानं तिची नाडी पाहून तिलाही लंघन सांगितलं. सासू रडकुंडीला आली. "अहो, अंगावर पिणारं लेकरू आहे," ती म्हणाली. त्र्यंबक म्हणाला, "आजी, आत आग लागली आहे. आगीत तूप ओतायचं का?" सासूनं चुलीवरची पेज उतरवून ठेवली. चौथ्या दिवशी सगुणेचं दूध आटलं. सहाव्या दिवशी तिला उठून बसवेना. बाळ रडून रडून थकलं, तेव्हा घर एकदम शांत झालं.

ती शांतता ऐकून त्र्यंबक हादरला. तो धावतच नदीवर गेला, नावेत बसला आणि पलीकडे निघाला. मधोमध आल्यावर दोन्ही तीर दिसेनासे झाले. त्यानं नावेच्या काठावर हात ठेवला. लाकूड धडधडत होतं. "प्रवाहाला जोर आहे आज," तो म्हणाला. नावाड्यानं संथ, काचेसारख्या पाण्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि तो वल्ही मारत राहिला.

नाना केळीच्या बागेत उन्हाची वाट बघत बसले होते. त्र्यंबकानं साथीचं सगळं सांगितलं. "नाना, ती माझ्या हातांतून जाते आहे. नाडी शांतच होत नाही. माझं काय चुकतंय?"

"कुंभाराची, म्हातारीची, तान्ह्याची, बाळंतिणीची, सगळ्यांची नाडी एकच?" नानांनी विचारलं.

"एकच. तंतोतंत."

नाना म्हणाले, "उद्या दुपारी ये. माझ्याकडे एक रोगी उतरणार आहे. मोठ्या घरचा आहे, पडदा सोडून बाहेर येणार नाही, बोलणारही नाही. माझी बोटं तर गेली. तू पाहा आणि मला सांग."

"दुपारी? दुपारी तर तुम्ही..."

"उद्या मी जागा राहीन."

हे ऐकल्यावर मात्र प्रकरण गंभीर आहे याबद्दल त्र्यंबकाला शंका उरली नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा खोपटात एक जुनं लुगडं आडवं टांगलेलं होतं. बड्या घरच्या स्त्रियांची नाडी पडद्याआडूनच पाहायची आणि मनगटावर तलम वस्त्र असायचं, ही रीत त्याला ठाऊक होती. पडद्याखालून वस्त्रात गुंडाळलेला एक हात पाटावर ठेवलेला होता. कोमट, किंचित ओलसर. त्र्यंबकानं घाम आला असावा असं मनाशी म्हटलं, तीन बोटं टेकवली आणि डोळे मिटले.

नाडी लागलीच सापडली. तीच ती. पण या रोग्यात तिचा वेग आणखी वाढलेला होता, आणि मधूनच ती अडखळत होती. ते अडखळणं त्यानं याआधी फक्त दोनदा अनुभवलं होतं, आणि ते दोन्ही रोगी आता नव्हते.

"बोल," नाना म्हणाले.

"नाना, हा फार पुढं गेलेला रोगी आहे." त्र्यंबकाचा आवाज उतरला होता. "हा कित्येक दिवस नीट झोपलेला नाही. अन्न वेळेवर नाही, आणि जे जातं ते अंगी लागत नाही. शरीर स्वतःलाच जाळून दिवा तेवता ठेवतंय. याला आजच्या आज अंथरुणावर निजवलं पाहिजे. नाहीतर हा चैत्र बघणार नाही."

"नक्की? पुन्हा पाहा."

त्यानं पुन्हा पाहिलं. "नक्की," तो म्हणाला, आणि एकाएकी त्याला संताप आला. थकलेल्या माणसाला येतो तसा, नको तिथे. तो पडद्याकडे तोंड करून ओरडला, "इतकं होईपर्यंत घरच्यांचं लक्ष कुठे होतं? एकाही माणसाला दिसू नये?"

पडद्याआडून एक हुंदका आला.

"लक्ष होतं," आतून वेणूचा आवाज आला. "रोग्याचंच नव्हतं."

नानांनी पडदा बाजूला केला. आत वेणू बसली होती, डोळे गळत होते. तिच्या हातात, कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळलेला, मनगटाएवढा जाड असा केळीचा एक कोवळा खुंट होता.

त्र्यंबकाला प्रथम काही कळलंच नाही. त्यानं हात पुढे करून खुंटावर पुन्हा बोटं ठेवली. खुंटाची नाडी चालू होती. टणाटण, अडखळत. त्यानं फडकं ओढून काढलं, हिरव्या सालीवर बोटं दाबली. तरी ती चालूच होती. मग त्यानं आपली बोटं डोळ्यांसमोर धरली आणि कोणी अनोळखी माणसाकडे बघावं तसा तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"म्हणजे कुंभार..." तो पुटपुटला.

"कुंभाराला अपचन होतं."

"म्हातारी?"

"तिला म्हातारपण होतं."

"आणि सगुणा?" हा शब्द त्याच्या तोंडून धड फुटला नाही.

"सगुणेला भूक लागली होती," नाना म्हणाले. "भूक ओळखायला नाडी लागत नाही. काल तू गेल्यावर वेणू माझ्याकडे आली, तिनं तुझं सगळं सांगितलं. सुईण कालपासून सगुणेला पेज पाजते आहे, बाळाला दुसरीच्या अंगावर लावलंय. जगेल का, ते मला सांगता येणार नाही. उशीर झाला आहे."

त्र्यंबक ताडकन उठला. "मी जातो. आत्ता जातो."

"कुठला हात घेऊन जाशील?"

तो जागच्या जागी थांबला.

"बैस," नाना म्हणाले. "आपली विद्या फार गरीब आहे, त्र्यंबका. तिच्यापाशी हत्यार नाही, यंत्र नाही. तीन बोटं आहेत. त्या बोटांतूनही रक्त वाहतं, हे आपण विसरतो. बोटांतलं रक्त शांत असेल तेव्हाच दुसऱ्याचं ऐकू येतं. तू गेला महिनाभर गावातल्या प्रत्येकाच्या मनगटावर आपलाच आजार वाचलास, आणि त्यावर औषध मात्र त्यांना दिलंस. मी दुपारी झोपत होतो ते रोग्यासाठी, असं म्हटलं तर शोभून दिसेल. पण खोटं कशाला बोलू? मला झोप आवडते. सोंगट्याही आवडतात. आवडतं ते केलं म्हणून बोटं तीस वर्षं टिकली."

"पण नाना, तुम्ही झोपलेले असताना कोणी गेलं असतं तर?"

"गेला," नाना म्हणाले.

केळीच्या पानांवरून दवाचे थेंब खाली पडत होते, तेवढाच आवाज होता.

"तू येण्याआधीची गोष्ट. हरबा धनगर. छातीत कळ घेऊन आला होता, मी त्याला उद्या ये म्हटलं. त्यानं अडलंय असं सांगितलं नाही, भिडस्त होता. माझ्या ओसरीच्या पायरीवरच त्यानं प्राण सोडला, आणि मी आत घोरत होतो. तू मला विचारलंस ना एकदा? तेव्हा म्हणूनच मी बोललो नाही. त्याचं नाव मी रोज घेतो. पण त्र्यंबका, झोपेमुळे गेला त्या एकाचं नाव मला ठाऊक आहे. न झोपता, थकल्या बोटांनी मी किती घालवले असते, त्यांची नावं मला कधी कळली नसती. मी दैवावर हवाला ठेवला असता आणि लोकांनी मला देव म्हटलं असतं. दोन ओझ्यांपैकी मी हे उचललं. ते हलकं आहे असं मी म्हणत नाही."

त्र्यंबक खाली बसला आणि रडू लागला. सगुणेसाठी रडत होता, तान्ह्यासाठी, आणि थोडा स्वतःसाठीही. वेणूनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. रडता रडताच त्याला झोप लागली.

तो तीन दिवस झोपला. मधे जागा होई, वेणू मऊ भात भरवी, तो दोन घास खाई आणि पुन्हा निजे. त्या झोपेत नदी त्याच्या उशाशी आली होती. तो पाण्यावर उताणा तरंगत होता, आणि किनाऱ्यावरून लोक हाका मारत होते. त्याला हाका ऐकू येत होत्या, पण त्याचे हात पाण्यात सैल सुटलेले होते आणि पाणीच त्याला धरून होतं. मग हाका लांब गेल्या, धुकं खाली आलं आणि सगळं पांढरं झालं.

किनाऱ्यावर खरोखरच हाका चालल्या होत्या. वैद्य पलीकडे आहे हे कळल्यावर गाव नदीवर लोटलं. तेव्हा नावाड्यानं, जन्मात कधी खोटं न बोललेल्या त्या माणसानं, नाव पालथी घातली आणि "गळतेय" म्हणून सांगितलं. सुइणीनं ओसरीवर बैठक मारली आणि ज्याला भूक लागली होती त्याला जेवायला घरी पाठवलं. हाडवैद्यानं पाय पाहिले. काटे ज्याचे त्यानं काढले. गाव काही बुडालं नाही.

माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंना मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्या ड्युटी संपवून दुसऱ्या ड्युटीला निघाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तीन दिवस? मला तीन तास कोण देतं?" त्यांचं खरं होतं. वैद्यानं झोपावं असा उपदेश करणं सोपं आहे. त्याच्या झोपेपुढे नाव पालथी घालणारं कोणीतरी लागतं. ते काम आपलं, जे ओसरीवर बसलेले असतो त्यांचं आहे.

चौथ्या दिवशी त्र्यंबक उठला. नानांनी त्याच्यापुढे काही बोलून दाखवलं नाही. तो आणि वेणू नावेतून अलीकडे आले आणि तो सरळ विणकराच्या घरी गेला. दारात सासू उभी होती. ती बाजूला झाली नाही.

"आता आणखी काय बंद करायला आलात?" तिनं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "चूक माझी होती, आजी. तिच्या अंगात ज्वर नव्हता. मला एकदा तिचा हात बघू द्या. नको म्हणालात तर परत जातो."

म्हातारीनं त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. काय पाहिलं कोण जाणे, पण तिनं वाट दिली.

सगुणा भिंतीला टेकून पडली होती, डोळे खोल गेलेले, कुशीत बाळ. त्र्यंबक तिच्याजवळ बसला आणि त्यानं मनगटावर तीन बोटं ठेवली. काहीच लागेना. ना उड्या, ना आग. एवढी निःशब्द बोटं त्याला गेल्या दोन वर्षांत आठवत नव्हती. त्याला वाटलं, आपलीही विद्या नानांसारखी गेली. तरी त्यानं हात काढला नाही. तो थांबून राहिला.

मग फार लांबून, धुक्यातल्या पायवाटेवरून कोणी अनवाणी चालत यावं तशी, एक नाडी आली. मंद होती, अशक्त होती, पावलागणिक टेकत होती. पण येत होती. तिची चाल त्यानं यापूर्वी कोणाच्याही मनगटात ऐकलेली नव्हती. ती कुंभाराची नव्हती, म्हातारीची नव्हती आणि त्याची तर नव्हतीच.

तो बराच वेळ ऐकत राहिला. सगुणेनं डोळे उघडले.

"वैद्यबुवा, रडता कशाला?" ती घाबरून म्हणाली. "मी जगत नाही का?"

"जगतेस," तो म्हणाला. "तूच आहेस ही. आज पहिल्यांदा भेटतोय तुला."